आजारी मूल घरी राहील, तरच शाळा उघडी राहील



मृगाचा पाऊस लागला की आपल्याकडे दोन कामे एकदम अंगावर येतात. शिवारात पेरणी आणि रोपलावण, आणि घरात मुलांची शाळा. त्याच सुमारास सर्दी-तापाची साथही येते, आणि घरोघरी रोज सकाळी एकच प्रश्न उभा राहतो. पोराचे अंग कोमट लागते आहे. शाळेत धाडावे की ठेवून घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांस ठाऊक असते. तरीही बहुतेक घरांतून मूल शाळेत धाडले जाते. असे का होते आणि त्यावर काय करता येईल, याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

२०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस कोविडचे रुग्ण पुन्हा थोडे वाढू लागले, तेव्हा कर्नाटक सरकारने शाळांसाठी एक परिपत्रक काढले. त्यातील सांगणे सोपे होते. ताप, खोकला, सर्दी अशी लक्षणे असलेल्या मुलास शाळेत पाठवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करावेत आणि लक्षणे पूर्ण गेल्यावरच पाठवावे. असे मूल शाळेत आलेच तर पालकांना कळवून त्याला घरी धाडावे. शिक्षकांनी व इतर कर्मचाऱ्यांनीही तशीच काळजी घ्यावी.

हा नियम चांगला आहे आणि आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. परंतु परिपत्रकात काही गोष्टी येत नाहीत. मूल घरी राहिले तर त्याच्यापाशी कोण बसणार? आईची भांगलणीची हजेरी बुडाली तर ती कोण भरून देणार? शाळेतले दुपारचे जेवण चुकले तर मूल काय खाणार? आमचे मत असे की, आजाराचा नियम करणे हे निम्मेच काम आहे. तो पाळण्यासाठी ज्या घराला झळ सोसावी लागते, त्या घराला शाळेने, शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने हात देणे हे उरलेले निम्मे होय. ते केले नाही तर छोटा नियम कागदावरच राहतो, आणि छोटा नियम मोडत गेला की एक दिवस शाळेलाच कुलूप लावण्याचा मोठा नियम येतो. तो आपण एकदा भोगला आहे.

गोठ्यात पाळतो तो नियम

शेतकऱ्याला साथ म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोग आला तेव्हा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी जनावरांचे बाजार व जत्रा बंद ठेवाव्या लागल्या. ज्या बैलाच्या अंगावर गाठी दिसल्या त्याला आपण दावणीतून सोडून दूर बांधले. त्याचे पाणी वेगळे, वैरण वेगळी. माशा, डास, गोचीड यांच्यापासून रोग पसरतो हे कळल्यावर गोठ्यात धूर केला, शेण-मूत साचू दिले नाही, उरलेल्या जनावरांस लस टोचून घेतली. लाळ्या-खुरकतीतही आपण हेच करीत आलो आहोत. आजारी बैल औताला जुंपून "आज एवढी पाळी होऊ दे" असे कोणी म्हणत नाही. तसे केले तर बैलही जातो आणि दावणही जाते, हे आपण जाणतो.

मग हेच शहाणपण मुलाच्या बाबतीत कुठे जाते? ते कुठेही जात नाही. फरक एवढाच की, बैल गोठ्याच्या कडेला बांधला की माणूस शेतात जाऊ शकतो. सहा वर्षांचे तापलेले लेकरू खाटेवर टाकून आई शेतात जाऊ शकत नाही. म्हणून आईबापांना अडाणी, निष्काळजी म्हणत बसणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. दोष समजुतीचा फार थोडा आहे. घरी थांबणाऱ्या माणसाची सोय नाही, हे खरे दुखणे आहे.

कुलपाची किंमत

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वेळी रोग नवा होता, लस नव्हती, औषधाची खात्री नव्हती. तेव्हा घाईने कुलूप लावले याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. परंतु कुलूप लावणे जितके सोपे गेले तितके काढणे सोपे गेले नाही. कर्नाटकात दहावीचे वर्ग १ जानेवारी २०२१ रोजी उघडले, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटले. नववीपासून वरचे वर्ग २३ ऑगस्ट २०२१ रोजी, सहावी ते आठवी ६ सप्टेंबरला, आणि पहिली ते पाचवीचे वर्ग थेट २५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. म्हणजे सर्वांत धाकटी मुले सुमारे १९ महिने वर्गाबाहेर राहिली. २०२० च्या जूनमध्ये ज्याचे नाव पहिलीत घातले, त्या मुलाने वर्गाचे दार प्रथम पाहिले तेव्हा ते दुसरीत होते.

याच काळात गावोगावी काय चालू होते तेही आठवावे. डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. १७ एप्रिल २०२१ रोजी बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. ३ सप्टेंबर २०२१ रोजी बेळगाव महापालिकेचे मतदान झाले. बाजार भरले, लग्ने लागली, येथला भाजीपाला गोव्याला जातच राहिला. यांतील प्रत्येक गोष्टीला कारण होते. पण मोठ्यांच्या प्रत्येक कामाला वाट काढली गेली आणि पहिलीच्या वर्गाला वाट सर्वांत शेवटी मिळाली, हे नाकारता येणार नाही.

शाळा मोबाईलवर भरली असे म्हणतात. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर शेतात, त्या घरी शाळा भरली नाही. सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये विद्यागम योजना काढली. शिक्षक गावात येऊन देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली, मोकळ्या पडवीत थोड्या थोड्या मुलांना शिकवू लागले. कल्पना चांगली होती. परंतु मुलांना व शिक्षकांना लागण होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली. पुढे हिशेब झाला तेव्हा नुकसान दिसले. 'असर' या संस्थेच्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील १०० मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे २७ होती. २०२२ साली ती सुमारे २० उरली. आधीच थोडी असलेली संख्या आणखी घटली. पेरणी चुकलेले शेत पुढच्या हंगामात पेरता येते. मुलाच्या अक्षरओळखीचा हंगाम चुकला तर तो भरून काढण्यास वर्षे लागतात.

त्याच काळातील दुसरे उदाहरणही सांगितले पाहिजे. २५ जून २०२० पासून कर्नाटकात दहावीची परीक्षा घेण्यात आली. साडेआठ लाखांच्या आसपास मुले नोंदलेली होती. पुष्कळांनी विरोध केला होता. तरी बाकांत अंतर, तोंडाला मास्क, दारात तापाची तपासणी आणि लक्षणे असलेल्यांसाठी निराळी खोली अशा तयारीने परीक्षा पार पडली. नियम स्पष्ट असला, माणसे नेमलेली असली आणि आजारी मुलाला हाकलून न देता त्याची वेगळी सोय केली, तर साथीतही मुलांचे काम चालू ठेवता येते, हे त्यातून दिसले. जानेवारी २०२२ च्या तिसऱ्या लाटेत बेंगळूरचा विचार वेगळा आणि इतर जिल्ह्यांचा वेगळा करण्यात आला, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला गेला. हे धोरण पहिल्या कुलपापेक्षा शहाणे होते.

सक्ती आणि विश्वास

आपण सीमेवरची माणसे. नियम कसा लोकांच्या मनातून उतरतो हे आपण निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर पाहिले आहे. २०२१ साली महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तेथे तपासणीचा दाखला दाखवावा लागे. मामा कागलात आणि भाचा निपाणीत, पण मध्ये नाका. शाळांचेही तसेच. निपाणीतील पहिलीचे मूल २५ ऑक्टोबरला शाळेत जाऊ शकले. कागलकडच्या मुलाला महाराष्ट्र सरकारने परवानगी दिली ती १ डिसेंबरपासून. वारा तोच, रोग तोच, मुले एकाच वयाची. अशा वेळी सामान्य माणूस म्हणतो की नियम आरोग्यासाठी नसून सरकारच्या सोयीसाठी आहे. एकदा असे मनात बसले की चांगला नियमही कोणी पाळीत नाही.

ही गोष्ट जुनीच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षांत पुण्यापासून बेळगाव-धारवाडपर्यंत पोचला. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात सोल्जरांकडून घरे झडवली गेली, माणसे ओढून छावणीत नेली गेली. लोकांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सक्तीच्या भीतीने लोक आजारी माणूस लपवू लागले आणि साथीला उलट मोकळे रान मिळाले. त्याच काळात खेड्यांतील लोक मात्र उंदीर पडू लागले की आपण होऊन गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. तेथे शिपाई लागला नाही. कारण समजले होते आणि शेजारी बरोबर होते, म्हणून माणसे आपखुशीने निघाली. आणि याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, आजारी मुलांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. मुलींना शिकवणाऱ्या त्या बाईंनी आजारी पोराला दूर लोटले नाही, उचलून दवाखान्यात नेले.

पवित्र शास्त्रातही याचा एक नमुना आहे. लेवीयच्या तेराव्या अध्यायात त्वचारोगाची शंका आल्यास माणसाला सात दिवस वेगळे ठेवावे, सातव्या दिवशी याजकाने पुन्हा तपासावे, असे सांगितले आहे. लोकांच्या लक्षात वेगळे ठेवणे राहते. पण लगेच पुढचा चौदावा अध्याय बऱ्या झालेल्या माणसाला परत वस्तीत कसे घ्यावे, यासाठीच आहे. दूर ठेवण्याचा नियम आणि परत घेण्याचा नियम अशी ही जोडी आहे. शाळेने ही जोडी तोडू नये. मूल किती दिवस घरी राहील हे जितके स्पष्ट हवे, तितकेच ते परत आल्यावर त्याला कसे सावरून घेतले जाईल हेही स्पष्ट हवे.

आई मुलाला का पाठवते

आमच्या पाहण्यात याची चार कारणे येतात. पहिले रोजगार. रोपलावणीच्या, भांगलणीच्या, सोयाबीन कापणीच्या दिवसांत टोळीबरोबर गेले तरच मजुरी मिळते. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाईचे तसेच. जितक्या वळल्या तितके पैसे. दुसरे कारण जेवण. अक्षर दासोहाचे दुपारचे गरम जेवण आणि क्षीरभाग्यचे दूध हा पुष्कळ मुलांच्या दिवसाचा मोठा आधार आहे. तिसरे कारण हजेरी. दहावीच्या परीक्षेला बसण्यास ७५ टक्के हजेरी लागते हे सर्वांनी ऐकलेले असते, आणि त्याची भीती दुसरीच्या मुलाच्या आईलाही वाटते. चौथे कारण कौतुक. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला संमेलनात पेला मिळतो. ते मूल ताप लपवायला शिकते.

हजेरीची भीती बरीचशी अनाठायी आहे. शाळेचे कामाचे दिवस २०० धरले तरी २५ टक्के म्हणजे ५० दिवस होतात. तापाचे, गोवराचे, डोळे आल्याचे दिवस मिळून साधारण मुलाचे वर्षाला दहाबारा दिवसही जात नाहीत. हे साधे गणित हेडमास्तरांनी पालकसभेत एकदा फळ्यावर मांडून दाखवावे.

या सर्वांतून एक घातक सवय निघाली आहे. सकाळी तापाची गोळी द्यायची, अंग थंड झाले की दप्तर पाठीला लावायचे. गोळीने ताप उतरतो, रोग उतरत नाही. अकराच्या सुमारास अंग पुन्हा तापते. तोवर ते मूल एका बाकावर तिघांबरोबर बसलेले असते, एका ग्लासने पाणी प्यालेले असते. त्या तिघांच्या घरी आजी असते, कोणाच्या घरी तान्हे मूल असते, कोणाला दमा असतो. एका घराचा वाचलेला एक रोजगार तीन घरांचे आठ रोजगार बुडवतो.

किती दिवस घरी ठेवावे

पुढील माहिती कापून घरात डकवून ठेवावी. डॉक्टरांनी वेगळे सांगितल्यास त्यांचे ऐकावे.

१) ताप, फ्लू, कोविडसारखा आजार : ताप उतरून, तोही गोळी न देता, पूर्ण एक दिवस म्हणजे २४ तास जावेत आणि मूल हुशारीत यावे. मगच शाळा. साथ चालू असताना सरकारी सूचना अधिक कडक असेल तर ती पाळावी.

२) जुलाब, उलट्या : शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर ४८ तास. ओआरएसची पूड पाकिटावर लिहिल्याइतक्याच पाण्यात कालवून थोडी थोडी पाजावी. पाणी कमी घालू नये, साखर जास्त घालू नये.

३) गोवर : पुरळ उठल्यापासून किमान ४ दिवस. गोवराचे मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेतून लागण होऊ शकते. गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत एकदा आणि १६ ते २४ महिन्यांत पुन्हा द्यावी. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराने मुले दगावली. ऊसतोडीसाठी फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे डोस चुकतात. आपल्या शिवारात टोळी उतरली तर आशाताईंस कळवावे.

४) कांजिण्या : सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, बहुधा ५ ते ७ दिवस. मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये. देवीचा कोप समजून औषध थांबवू नये.

५) गालगुंड : सूज आल्यापासून ५ दिवस.

६) डांग्या खोकला : डॉक्टरांनी दिलेले औषध सुरू झाल्यापासून ५ दिवस. औषध न घेतल्यास खोकला लागल्यापासून ३ आठवडे. घटसर्पाची शंका आली, म्हणजे घशात पांढुरका पडदा, मान सुजलेली, तर त्याच दिवशी दवाखाना. परत येण्याचे डॉक्टर सांगतील तेव्हा.

७) डोळे येणे : पाणी व चिकटा थांबेपर्यंत. २०२३ च्या पावसाळ्यात ही साथ महाराष्ट्रात व कर्नाटकात सर्वत्र फिरली. डोळ्यांत पाहिल्याने लागण होत नाही. हात, टॉवेल, रुमाल यांनी होते.

८) खरूज : पहिले औषध अंगभर लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी शाळा चालते. मात्र घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे आणि कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवावे.

नियमाचा अतिरेकही नको. ताप नाही, मूल खेळते-खाते आहे आणि नाक थोडे वाहते आहे, तर साथ नसताना एवढ्यासाठी त्याला घरी बसवण्याचे कारण नाही. डोक्यात उवा असल्या तरी मुलाला वर्गातून काढू नये. डेंग्यू एका मुलापासून दुसऱ्याला थेट लागत नाही, डासामार्फत पसरतो. त्या मुलाला विश्रांती हवी, आणि तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. क्षयाचे औषध सुरू होऊन डॉक्टरांनी परवानगी दिली की ते मूल शाळेत यावे. कुष्ठरोगाचे उपचार सुरू झालेल्या माणसाच्या मुलांना दूर बसवणे हे अज्ञान आहे आणि पापही आहे.

श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे, पाणी न पिणे, गुंगी, झटके, लघवी न होणे, यांतील काहीही दिसले तर वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

शाळेने काय करावे

साथीच्या दिवसांत शाळांतून फवारणी पुष्कळ झाली, बाकडी पुसली गेली, कपाळाला तापयंत्रे लावली गेली. पुढे स्पष्ट झाले की हा रोग मुख्यतः हवेतून, बंद खोलीत पसरतो. म्हणजे सर्वांत स्वस्त औषध उघडी खिडकी होती. आपल्याकडे जून ते ऑगस्ट पश्चिमेची झड येते म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतात आणि ५० मुले कोंदट खोलीत बसतात. झडीच्या बाजूची खिडकी लावावी, पण विरुद्ध बाजूची आणि दार उघडे ठेवावे. भिंतीत वर झरोके नसतील तर शाळा सुधारणा समितीने पुढच्या दुरुस्तीत ते आधी घ्यावेत, रंगरंगोटी मागाहून. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यास नळ कमी पडत असतील तर गावाने टाकी आणि चार तोट्या द्याव्यात. भांडी, ग्लास ज्याचा त्याचा असावा. तापलेल्या मुलाला पालक येईपर्यंत पडण्यास एक कोपरा असावा, आणि त्याच्यापाशी कोणीतरी मोठे माणूस असावे. वर्गासमोर उभे करून "याला ताप आहे, लांब बसा" असे म्हणू नये.

आणखी तीन गोष्टी आम्ही आग्रहाने मांडतो. पूर्ण हजेरीचे बक्षीस बंद करावे. त्याऐवजी मागे पडून पुन्हा बरोबरीला आलेल्या मुलाचे कौतुक करावे. आजारपणात चुकलेला धडा भरून काढण्याची जबाबदारी मुलावर न टाकता वर्गाने घ्यावी, शेजारच्या मुलाबरोबर वही पाठवावी, परत आल्यावर आठवडाभर रोज थोडा वेळ द्यावा. आणि शिक्षकांनाही आजारपणाची रजा सुखाने मिळावी. मानधनावर काम करणारे शिक्षक पैसे कापले जातील म्हणून तापात उभे राहतात. विद्यार्थ्यांना एक नियम आणि बाईंना दुसरा, हे चालणार नाही. ख्रिस्तसभा आजारी माणसाला रविवारच्या मिस्साच्या बंधनातूनही मोकळे करते. मग शाळेने तापलेल्या मुलाच्या उपस्थितीचा हट्ट का धरावा?

आपण काय करावे

काही जण म्हणतील, असे मोकळे सोडले तर मुले पोटदुखीची सबब सांगून घरी बसतील. सबब सांगणारे मूल असतेच. त्याची पारख आईला आणि बाईंना दोघींनाही असते. एका सबबीच्या भीतीने दहा खऱ्या तापांना वर्गात बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. दुसरे म्हणतील, आमच्या लहानपणी असेच आजार अंगावर काढले. खरे आहे. पण त्या काळी किती पाळणे रिकामे होत होते, हेही आपल्या आज्यांना विचारावे.

आमची सूचना अशी. प्रत्येक वाड्यावस्तीवर चारपाच घरांनी आपसांत ठरवून घ्यावे. लावणीसाठी आपण एकमेकांच्या शेतात पैरा करतो. तसाच आजारी मुलाजवळ बसण्याचा पैरा करावा. आज तुझ्या पोराजवळ माझी सासू बसेल, उद्या माझ्या पोराजवळ तुझी नणंद. बसणारे माणूस धडधाकट असावे, फार म्हातारे किंवा पोटुशी नसावे, आणि आजारी मूल उघड्या पडवीत ठेवावे. ज्या घरी अशी सोय नाही, बाई एकटी आहे, हातावर पोट आहे, तिच्यासाठी धर्मग्रामाच्या मदत-पेटीतून त्या दिवसाच्या मजुरीचा काही भाग द्यावा, अशी आमची इच्छा आहे. पॅरिश कौन्सिलच्या येत्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ही मदत ख्रिस्ती कुटुंबापुरती ठेवू नये. ताप घराच्या दारावरचा क्रूस पाहून येत नाही, आणि वर्गात सगळीच मुले एका बाकावर बसतात. मूल घरी असेल त्या दिवशी शेजारच्या घरातून त्याला एक वाटी पेज जावी, म्हणजे दासोहाचे जेवण चुकल्याचे दुःख उरणार नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गालाही हाच नियम लागू राहील. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत आठवडा चुकला तर तो आम्ही भरून काढू. कोणाचेही नाव त्यासाठी मागे पडणार नाही.

पुढची मोठी साथ केव्हा येईल, कोणत्या नावाने येईल, हे सांगता येत नाही. सांबऱ्याच्या माळावर विमान उतरते, बेळगावच्या बाजारात चहूकडची माणसे येतात, गोव्याची गाडी पहाटे निघते. रोगाला आपल्या दारी पोचायला आता दिवस लागतात, महिने लागत नाहीत. साथ आली की सर्वांत आधी विचारले जाईल ते हेच की शाळा उघड्या ठेवाव्यात का. ज्या गावात आजारी मूल घरी ठेवण्याची रीत आधीच रुळली आहे, खिडक्या उघड्या आहेत, लसी पुऱ्या आहेत आणि शेजारी शेजाऱ्याला हात देतो, ते गाव "आमची शाळा चालू राहू द्या" असे छाती ठोकून म्हणू शकेल. बांध पावसाळ्यापूर्वी घालायचा असतो. शाळेचा हा बांध घालण्याची वेळ आज, साथ नसताना, आहे.